रविवारी सगळं नीट चालायचं

माझं काम छताकडे बघण्याचं. हॉटेलात जेवायला गेलो तरी ताटाआधी माझी नजर वर जाते आणि बायको म्हणते, आधी खाली बघा, सांबार निवतंय. छताला चिकटलेली पांढरी, फुलक्याएवढी चपटी डबी तुम्हीही पाहिली असेल. बऱ्याच जणांना तो धुराचा अलार्म वाटतो. तो ॲक्सेस पॉइंट. कचेऱ्यांतलं, दवाखान्यांतलं, शाळांतलं वायफाय त्यातून येतं. सरकारी कारखान्यात रेडिओ तपासणीच्या विभागात मी अर्धं आयुष्य काढलं, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मग एका लहान कंपनीसाठी बंगळूरभर शिडी घेऊन हे डबे लावत हिंडलो.

घरचा राउटर आणि हा डबा यांत फरक काय, असं मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. घरचा राउटर एकटाच सगळं करतो. बाहेरची लाइन घेतो, वाटतो, वायफायही तोच देतो. ॲक्सेस पॉइंटला एकच काम, हवेतून बोलायचं, पण ते पन्नास-शंभर जणांशी एकाच वेळी आणि न दमता. त्याला विजेची वेगळी वायर लागत नाही, एकाच केबलीतून वीज आणि माहिती दोन्ही येतात. पाठीला कुलपाची खाच असते. कडेला टाचणीएवढं भोक असतं आणि त्यात टाचणी खुपसून थोडा वेळ दाबून धरली की मी घातलेली सगळी अक्कल पुसली जाते, डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. म्हणून डबा उंच लावायचा आणि भोकाची बाजू तुळईकडे करायची. हे कुठल्या पुस्तकात नाही, टाचण्या खुपसणारे लोक भेटल्यावर सुचलेलं आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. चिकपेटमधल्या एका साड्यांच्या ठोक व्यापाऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं की हा डबा चोर पळवतात. त्याने लोखंडी पत्र्याची पेटी बनवून घेतली, तिला कुलूप लावलं, डबा आत ठेवला आणि मला फोन केला की तुमचं वायफाय चालत नाही. लोखंडातून रेडिओ बाहेर येत नाही हे मी त्याला तीन भाषांत समजावलं. शेवटी पेटी प्लायवूडची करायची असं ठरलं. त्यावर तो म्हणाला की प्लायवूड चोर सहज फोडेल. मी म्हटलं, अण्णा, तुमच्या दुकानात शिरलेला चोर साड्या सोडून छताकडे बघणार नाही. ते त्याला पटलं.

सर्जापूर रोडवरच्या एका कचेरीत पोरापोरींनी आयुधपूजेचे फोटो काढले. कॉम्प्युटरला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूची फुलं, सगळं छान. फोटो इंटरनेटवर टाकले आणि मागच्या पांढऱ्या फळ्यावर वायफायचा पासवर्ड ठळक निळ्या अक्षरांत. त्यानंतर मी तिथे प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि पाहुण्यांचं वायफाय निराळं काढलं. पासवर्ड एकच असला की तो गावाचा होतो आणि कुणाकडून बाहेर गेला ते कधीच कळत नाही.

असे किस्से सांगायला मला आवडतं, कारण त्यांत चूक नेहमी दुसऱ्याची असते. पण लिहायचंच आहे तर माझ्या चुकीचं लिहितो.

मोठ्या कामाच्या डब्यात तीन रेडिओ असतात. दोन लोकांशी बोलतात. तिसरा बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. आजूबाजूला कुणाकुणाची वायफाय आहेत, कुठलं नाव नवं दिसतंय, कुणी आपल्याच नावाचं खोटं वायफाय उभं करून लोकांचे पासवर्ड गोळा करत नाही ना, हे तो दिवसभर टिपतो. आम्ही आपसात त्याला वॉचमन म्हणायचो. आणि मुभा दिली तर या वॉचमनला हातही उगारता येतो. परक्या वायफायला जोडलेल्या फोन-लॅपटॉपना तो त्या वायफायचाच आवाज काढून सांगतो, संपलं, निघा. ते बिचारे निघतात, पुन्हा जोडतात, हा पुन्हा हाकलतो. नव्या पद्धतीत असल्या निरोपावर एक प्रकारची सही लागते, त्यामुळे खोटा निरोप चालत नाही. घराघरांत मात्र अजून बरीचशी जुनी पद्धत आहे. आपल्याच केबलीला कुणी चोरून डबा जोडला असेल तर त्याला हाकलणं ठीक, पण शेजाऱ्याचं वायफाय पाडायचा अधिकार कुणालाच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

जे. पी. नगरात आमच्या घरापासून चार क्रॉस, म्हणजे चार आडव्या गल्ल्या, पलीकडे एका इमारतीत खाली दातांचा दवाखाना आणि वर घरं आहेत. तिथल्या डॉक्टरबाईंनी कुठल्याशा सभेत ऐकलं होतं की एका दवाखान्याचे सगळे एक्सरे कुणीतरी वायफायमधून शिरून कुलूपबंद केले. त्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या, सार, जेवढी सिक्युरिटी असते तेवढी सगळी घाला. असं सांगणारं गिऱ्हाईक वर्षात एखादं भेटतं, नाहीतर लोक सिक्युरिटी म्हटली की तोंड फिरवतात. मला हुरूप आला. पेशंटचं वायफाय एक्सरेच्या यंत्रापासून तोडून वेगळं केलं, चांगले पासवर्ड घातले आणि सगळ्यात शेवटी वॉचमनला एक नियम दिला. ओळखीचं नाही आणि दवाखान्याच्या आत असल्याइतकं मोठ्याने बोलतंय, असं कुठलंही वायफाय घुसखोर समजायचं आणि हाकलायचं. माझा हिशेब असा की इतका मोठा आवाज, म्हणजे इतका जोरदार सिग्नल, आतूनच येणार. त्या दिवशी या नियमात कुणीच सापडलं नाही. वरच्या घरांचे आवाज बारीक येत होते. मी नियम चालू ठेवून शिडी उचलली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने त्याच दवाखान्याच्या वरच्या घरात मीनल राहायला आली. मूळची नागपूरची. नवरा तुषार आयटीत. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या बायकोशी तिची ओळख झाली आणि मी तिचा काका झालो. नागपुरात ती शाळेत गणित शिकवायची. लग्न, मुलगी, मग ही बदली, यात आठ-नऊ वर्षं नोकरी सुटली होती. आता एका कंपनीने तिला घरून मुलांना ऑनलाइन गणित शिकवायचं काम दिलं होतं. तीन महिने परीक्षेवर. प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि मधे तुटलेले तास मोजले जायचे. काम मिळालं त्या दिवशी ती आमच्याकडे संत्रा बर्फी घेऊन आली होती. बर्फी द्यायला ती ठेवणीतली साडी नेसून आली होती हे बायकोने पाहिलं. मी बर्फी पाहिली.

तिची तक्रार साधी होती. राउटर दाराशी आणि ती शिकवायची मागच्या खोलीत, तिथे वायफाय पोचत नव्हतं. ओळखीपाळखीची कामं मी रविवारीच करतो, बाकीचे दिवस कंपनीचे. एका रविवारी गेलो, लाइनवाल्याकडून वायर वाढवून घेतली आणि राउटर आतल्या बोळात, तिच्या खोलीच्या दाराशी एका ठेंगण्या स्टुलावर ठेवला. नाव काय देऊ म्हणून विचारलं, तर ती म्हणाली तुम्हीच द्या. मी ‘संत्रा’ असं नाव दिलं. खालच्या दवाखान्याचं कामही माझंच आहे, हे सांगायला विसरलो नाही. स्टूल ठेवलं त्याच्या बरोबर खाली दवाखान्याच्या छताला माझा डबा होता. मधे फक्त स्लॅब. हुशार वाचकाच्या ध्यानात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नाही.

सोमवारी तिचा फोन आला की तास तीनदा तुटला. मंगळवारी पुन्हा. मी रविवारी गेलो, दोन तास बसलो, पोहे खाल्ले, व्हिडिओ लावून पाहिले. एकदाही तुटलं नाही. ती म्हणाली, फोनवरून इंटरनेट घेतलं तरी असंच होतं. इथे मी माझी बुद्धी चालवली. राउटर वेगळा, फोन वेगळा, तरी दोन्ही तुटतात, म्हणजे दोहोंत समान काय, तर लॅपटॉप आणि माणूस. फोनचं वायफाय हेही वायफायच आणि तेही त्याच बोळाशेजारी, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. लॅपटॉप पुसून सगळं नवं करून दिलं.

पुढचा आठवडाही तसाच गेला. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि पुन्हा सगळं सुरळीत. तेव्हा ती जे म्हणाली ते मला शब्दशः आठवतं.

"काका, रविवारी मी कोणाला शिकवून राहिली? सोमवारी या ना, चार वाजता. समोर बसून बघा."

सोमवारी मला जमत नाही, असं मी सांगितलं. जमलं असतं. चार क्रॉस तर चालायचे होते. पण फुकटच्या कामासाठी आम्ही कामाचा दिवस मोडत नाही, हा आमच्या धंद्यातला नियम, आणि मला तो मोठा शिस्तीचा वाटायचा. आणखी एक गोष्ट. तिच्या पातळ लॅपटॉपला केबल जोडायची खाच नव्हती, पण एक छोटा जोड मागवून थेट केबल लावली असती तर सगळा प्रश्न त्याच दिवशी मिटला असता. मला ते सुचलं होतं. पण जन्मभर वायरलेस लावणाऱ्या माणसाने ‘केबल लावा’ म्हणायचं म्हणजे हार मानल्यासारखं वाटलं आणि मी बोललो नाही.

त्या रविवारी तुषार मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. हळू आवाजात म्हणाला, काका, खरं सांगा, प्रॉब्लेम नक्की कुठे आहे? मी म्हटलं, यंत्रात काही नाही. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की माणूस स्वल्प घाबरतो, काहीतरी भलतं दाबलं जातं. बहुतेक तसंच असावं. त्याने मान हलवली, लिफ्ट आली आणि मी घरी जाऊन जेवलो.

तीन महिने संपल्यावर कंपनीने तिला ठेवलं नाही. शिकवणं उत्तम, पण तास तुटतात, असा शेरा होता. बायकोने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो की सगळ्यांना ही यंत्रं जमतातच असं नाही. मंडळात तिचं येणं कमी झालं. मी दुसऱ्या शिड्या चढत राहिलो.

पुढे चार-पाच महिन्यांनी दवाखान्याची वर्षाची तपासणी आली. डबा पुसला, केबल हलवून पाहिली आणि सवयीप्रमाणे वॉचमनची वही उघडली. वही म्हणजे त्याने काय काय केलं त्याची तारीखवार, वेळवार यादी. एरवी तिच्यात पाच-दहा ओळी असतात. त्या दिवशी पानंच्या पानं होती आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच नाव, संत्रा. मधूनमधून तिच्या फोनचं नाव. हाकललं, हाकललं, हाकललं. एकही नोंद रविवारची नव्हती. रविवारी तर वहीत काहीच नव्हतं, जणू डबाच बंद. रिसेप्शनवर पुष्पाअक्का होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "संडे मेन ऑफ माडतीनि सार." रोज संध्याकाळी दवाखाना बंद करताना त्या मेन स्विचच पाडून जायच्या, शनिवारी पाडला की तो सोमवारीच चढायचा. वायरिंग जुनं आहे, कुणी नसताना ठिणगी पडायला नको म्हणून. काळजी घेणारी बाई. त्यांची काही चूक नव्हती.

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसलो. आधी राउटर दाराशी होता, तेव्हा त्याचा आवाज खाली बारीक यायचा आणि वॉचमन त्याला सोडून द्यायचा. मी तो उचलून बरोबर त्याच्या डोक्यावर आणून ठेवला. नियम माझा, जागा माझी, आणि तपासायला यायचा वारही माझाच. खोटं कशाला सांगू, मनात पहिला विचार आला तो वही पुसून टाकायचा. एक बटण होतं. पुसली असती तर या जगात कुणालाही कळलं नसतं. मला लाज वाटली, आणि झालेल्या चुकीपेक्षा या विचाराची जास्त वाटली. नियम काढून टाकला, डॉक्टरबाईंना सांगितलं की मी एक नको ती गोष्ट चालू ठेवली होती, ती बंद केली आहे. त्या ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाल्या. वहीची पानं छापून घेतली आणि घरी आलो.

त्यानंतर आठ दिवस ती पानं माझ्या पिशवीत राहिली. शेवटी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, फोन करू नका, जा. मग एका सोमवारी दुपारी चार वाजता मी मीनलच्या दाराशी उभा राहिलो.

ती घेवडा मोडत बसली होती. चहाचं विचारलं, मी नको म्हटलं आणि पानं तिच्यापुढे ठेवली. दवाखान्याचा डबा, तिसरा रेडिओ, माझा नियम, स्टूल, सगळं जसं इथे लिहिलं तसं सांगितलं. मग तिने पानं ओढून घेतली आणि वेळांवरून बोट फिरवत वाचू लागली. हा सातवीचा तास, ती म्हणाली. हे अपूर्णांक. इथे ती हैदराबादची पोरगी होती, तिला छेद समान करून दाखवत होते. हा शेवटचा तास, या दिवशी कंपनीच्या बाई बघायला बसल्या होत्या. गणिताच्या शिक्षिकेने उत्तरपत्रिका तपासावी तशी ती एकेक ओळ तपासत गेली आणि मी समोर बसून राहिलो. पहिलं पान संपलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि दुसरं घेतलं.

सगळी पानं झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी काही दाबत नव्हती?"

नाही, मी म्हटलं. तेव्हा मला कळलं की लिफ्टपाशी बोललेलं वाक्य त्याच दिवशी घरात पोचलं होतं. मधल्या काळात तिला आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. दोन्हींना तिने नाही म्हणून सांगितलं. आपल्याला ते यंत्र जमत नाही, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसला होता. घरात कुणी टाकून बोललं नव्हतं, उलट सगळे समजुतीने घेत होते. त्या समजुतीचाच जास्त त्रास झाला, असं ती म्हणाली.

मी कंपनीला पत्र लिहितो म्हटलं, माझ्या नावानिशी, वहीच्या पानांसह. लिहा, ती म्हणाली, पण त्याचं व्हायचं ते होईल. नोकरीचं मी पाहीन. तिला माझ्याकडून दुसरंच हवं होतं. तुषारला जे सांगितलं होतं तेवढं परत घ्या, असं तिचं म्हणणं. मी खिशातून फोन काढला. तिने मान हलवली.

"फोनवर नाही. तेव्हा समोर उभं राहून सांगितलं होतं ना, तसंच सांगा."

तुषार यायला सात वाजायचे. तीन तास मी त्या घरात बसलो. तिने घेवडा मोडून संपवला, कुकर लावला, मुलगी शाळेतून आली, तिचा गृहपाठ घेतला. गृहपाठ घेताना तिचा आवाज एकदम वेगळा झाला, घाई नाही, चढणं नाही, पोरगी अडली की एक पायरी मागे. इतक्या रविवारी मी त्या घरात आलो, पण तिला शिकवताना पहिल्यांदा ऐकत होतो.

तुषार आला. पायांतले बूट काढायच्या आत मी उभा राहिलो आणि बोललो. त्या दिवशी लिफ्टपाशी मी तुला चुकीचं सांगितलं. मीनलची काहीही चूक नव्हती. तिचे तास माझ्या डब्याने तोडले. न तपासता मी दोष तिच्यावर ढकलला. पानं त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली नाही, नुसती धरली. तो भला माणूस आहे, त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. माझ्याकडे न बघता तो मीनलला म्हणाला की वायफायच तुटत होतं, तर तेव्हाच नीट सांगायचं होतंस.

"सांगितलं होतं," मीनल म्हणाली. "तू काकांना विचारलं."